दहावा माणूस फाटकाबाहेर

संध्याकाळी दिवे लागले की माझ्या झोपायच्या खोलीचं छत लाल व्हायचं. मनीषनगरातल्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात तर्री-पोह्याचं नवं दुकान निघालं होतं आणि त्याच्या पाटीवर लाल दिव्यांची एक मिशी बसवली होती. आखूड, चौकोनी, नाकाखाली चिकटवल्यासारखी मिशी. तिच्यावर दुकानाचं नाव. ते नाव मी इथं लिहिणार नाही. गॅलरीत कपडे वाळत घालताना वाचलं, दूध आणायला उतरताना वाचलं, तेवढं पुरे झालं. जर्मनीच्या ज्या हुकूमशहानं यहुदी लोकांना पोराबाळांसकट गॅसच्या खोल्यांत कोंडून मारलं, त्याचं ते नाव. आणि खाली बारीक अक्षरांत, ‘एक प्लेट खाल तर शरण याल.’

माझं घर पहिल्या मजल्यावर, बरोबर त्या पाटीच्या डोक्यावर. मी जाड पडदे आणले. पडद्याच्या वरच्या फटीतून उजेड यायचा तो यायचाच. पोरं पाटीखाली उभी राहून हात पुढं ताठ करून सेल्फी काढायची आणि खो खो हसायची. त्या हसण्यात द्वेष नव्हता, हे मला समजत होतं. त्यानं काही माझी झोप परत येत नव्हती.

मी यहुदी आहे. मराठी यहुदी, बेने इस्राएल. फार जुन्या काळी आमच्या पूर्वजांचं जहाज कोकणच्या किनाऱ्याला फुटलं, तिथं त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले, असं आमच्यात सांगतात. आडनाव गावावरून, शेवटी ‘कर’. माझे वडील रेल्वेत, माझा जन्म अजनीच्या क्वार्टरमधला, त्यामुळं बोली पक्की नागपुरी. लोक आम्हाला कोकणातले ब्राह्मण समजायचे, नाहीतर ख्रिश्चन, नाहीतर काहीच समजायचे नाहीत. आमच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा आहे, म्हणजे आतमध्ये पवित्र वचनं ठेवलेली एक अरुंद डबी. येताजाता आम्ही तिला हात लावून ओठांना लावतो. कुरिअरवाले तिलाच बेल समजून दाबत राहतात आणि वैतागून फोन करतात की काकू, तुमची बेल बिघडली.

या देशात आम्हाला कुणी कधी त्रास दिला नाही, असं आमच्या घरात मोठ्या अभिमानानं सांगितलं जायचं. ते खरंही आहे. पण त्याचं एक कारण असंही होतं की आम्ही आहोत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. माझा नवरा म्हणायचा, आपण असायचं, दिसायचं नाही. चांगला माणूस होता. जन्मभर बँकेत कारकुनी केली, त्या कमाईतून हे घर घेतलं आणि याच घरात, जेवता जेवता, मान टाकून गेला. त्याला पुण्याच्या दफनभूमीत नेलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला. मुलगा इस्राएलमध्ये. तो म्हणायचा, इकडं ये. त्याच्या फोनमध्ये मागं सायरन वाजायचा आणि आमचं बोलणं तिथंच तुटायचं. मग मी फोन हातात धरून लाल छताकडे बघत पडून राहायचे. तिकडं जाता येत नाही आणि इकडं राहवत नाही, असं ते वर्ष होतं.

दुकान काढणारा पोरगा वाईट असता तर बरं झालं असतं. मला चिडता आलं असतं. पण माझा नवरा गेला तेव्हा खालून धावत आला तो हाच. ॲम्ब्युलन्स यानंच बोलावली, जिन्यातून स्ट्रेचर उतरवताना डोक्याकडची बाजू यानंच धरली. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा तो भाचा. दुकान उघडलं त्या सकाळी पहिली प्लेट घेऊन माझ्या दारात आला.

“काकू, खाऊन पाहा. रडाल.”

मी विचारलं, “हे नाव काहून ठेवलं गा?”

“कडक आहे ना काकू! एकदा वाचलं का डोक्यातून जात नाही. तर्री पण तशीच, कोणालेच सोडत नाही.”

मी प्लेट घेतली आणि दार लावलं. दाराच्या आतल्या बाजूला पाठ टेकून किती तरी वेळ उभी राहिले. काय सांगणार होते त्याला? सांगायचं तर आधी मी कोण ते सांगावं लागलं असतं, आणि ती सवय माझ्या जिभेला नव्हती.

माझी ही अडचण इमारतीत एकाच माणसाला माहीत होती. समोरच्या दारातली माझी मैत्रीण. मराठी ख्रिस्ती, माहेर अमरावतीकडचं, जन्मभर नर्स म्हणून रात्रपाळ्या केलेली, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरचं पोरगं चिडीचूप व्हावं. नवरा तिच्या अगदी उलट, इतका हळू बोलणारा की माणूस पुढं वाकून ऐकतो. मी यहुदी आहे हे तिला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिनं माझा दंड दाबून पाहिला होता. “बायबलातले यहुदी? खरेखुरे?” मग विषय बदलला. पुढं पुष्कळ दिवसांनी, आमची गट्टी जमल्यावर, एका दुपारी स्वेटर विणता विणता तिनं सांगून टाकलं.

“लहानपणी गुड फ्रायडेले चर्चमधून घरी आली का मले तुमचा लय राग ये. येशूले यहुद्याईनं मारलं, एवढंच डोक्यात. एकही यहुदी पाहिला नोहता, तरी राग.”

मी म्हटलं, “आणि आता?”

“आता काय? यंदा चर्चच्या पाळकसाहेबाले तोंडावर म्हटलं मी. म्हटलं, येशूच्या मरणाचं वाचता तर नीट समजावून सांगत जा लेकराईले. माझ्यासमोरच्या दारात एक राहते. ती काय कोणाले मारते? झुरळ मारायले मले बोलावते.”

मी हसून हसून लोळले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, ही बाई स्वतःच्या देवळात, स्वतःच्या लोकांसमोर, माझ्यासाठी उभी राहिली आणि मला तिनं ते झुरळाच्या गोष्टीत गुंडाळून सांगितलं.

पाटीचंही तिनं असंच केलं, मला न विचारता. दर रविवारी संध्याकाळी तिच्या घरी प्रार्थनेला दहा-पंधरा माणसं यायची. त्यात शाळेतल्या शिपाईबाई, रिक्षावाले, एक-दोन नर्सा. प्रार्थना झाली की सगळे खाली जाऊन पोहे खायचे. एका रविवारी ती त्यांना घेऊन खाली गेली आणि गल्ल्यासमोर उभी राहून त्या पोराला म्हणाली, “बाबू, तुझे पोहे चांगले आहे. पण त्या माणसानं लेकरं मारली. त्याच्या नावाचं आम्ही खाणार नाही. नाव बदल, आम्ही उद्या येतो.” आणि सगळे न खाता निघून गेले. पुढच्या रविवारीही तसंच. त्यानंतरच्याही.

मला हे कळलं तेव्हा मी तिच्यावर रागावले. “तुले कोणी सांगितलं होतं मधात पडायले?”

“तू बोलून नाही राहिली, म्हणून मी बोलली,” ती म्हणाली. “मी तुझं नाव घेतलं का? नाही ना. मग चूप बस.”

पोरगा दुखावला. धंद्यापेक्षा त्याचा मान दुखावला असावा. त्यानं मामाला सांगितलं, आणि मामा म्हणजे सेक्रेटरी. ज्या रविवारच्या प्रार्थनेचं इतकी वर्षं कुणाला काही नव्हतं, ती एकाएकी सगळ्यांना ऐकू यायला लागली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘धर्मांतर’ हा शब्द फिरायला लागला. बाहेरची गरीब माणसं दर आठवड्याला कशाला येतात, त्यांना काय वाटतात, अशा चौकशा सुरू झाल्या. वाटत काय होते? चहा. तोही बिनसाखरेचा, कारण तिच्या नवऱ्याला डायबिटीस.

एका रविवारी तिच्या घरातून गाण्याचा आवाज यायचा तो अचानक थांबला आणि दारावर आतून धपाधप हात मारल्याचा आवाज यायला लागला. मी दार उघडून पाहिलं. चार-पाच पोरं जिन्यात उभी, मोबाइल वर धरलेले. त्यांनी तिच्या दाराची बाहेरची कडी लावून टाकली होती. आत सगळी माणसं कोंडलेली. एक म्हातारी आतून ओरडत होती की मला दम लागतो, दार उघडा. माझ्या पाठीला पट्टा बांधलेला होता, आणि राग असा आला होता की तो मलाच अनोळखी वाटला.

“सरका,” मी म्हटलं.

“काकू, तुम्ही पण त्याईच्यातल्याच का?”

“मी कोणाच्यातली ते मागून सांगीन. आधी सरक तू तिथून. बाया-माणसं कोंडता? लाज नाही वाटत?”

कडी मी काढली. पोरं बाजूला झाली, पण व्हिडिओ चालूच होता. माझी मैत्रीण बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. ज्या बाईनं अपघात वॉर्डात वर्षं काढली तिला मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. तिनं माझा हात धरला.

त्या आठवड्यात सेक्रेटरीनं फर्मान काढलं. इमारतीत बाहेरच्या लोकांना बोलावून कुठलीही सामूहिक प्रार्थना करायची नाही. गच्चीवरचा सत्यनारायण आणि पार्किंगमधला गणपती यात येत नव्हते, कारण ते सांस्कृतिक. फर्मान निघालं तिच्यासाठी, पण त्यात अडकले मी.

नवऱ्याचं वर्ष जवळ आलं होतं. वर्षाच्या प्रार्थनेत मुलानं बापासाठी कद्दीश म्हणायचं असतं. कद्दीशमध्ये मरणाचा एक शब्दसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती आहे, पण ते म्हटल्याशिवाय मागं राहिलेल्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही. आणि ते एकट्यानं म्हणता येत नाही. दहा यहुदी पुरुष लागतात. नऊ असले तर नाही. नागपुरात आमची घरं बोटांवर मोजावीत इतकीच, त्यातून पुरुष निघाले तीन. बाकीचे मुंबई-पुण्याहून येणार होते, मुलानं रजा काढून तिकीट काढलं होतं. मला प्रवास बंद, म्हणून सगळे माझ्याकडे येणार होते. नवऱ्याचं स्वतःचंही म्हणणं असायचं की माझं जे काय करायचं ते माझ्या घरात करा. दुसरं काही त्यानं कधी मागितलं नव्हतं.

मी सेक्रेटरीकडे लेखी परवानगी मागितली, त्यात आम्ही कोण तेही लिहावं लागलं. तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला, चप्पल बाहेर काढून, सोफ्यावर अगदी कडेला बसला. बोलायला गोड माणूस.

“वहिनी, तुम्ही ज्यू आहे हे आधी काहून नाही सांगितलं? आमी तर तुमच्या लोकाईचे फॅन आहो. कसे ठोकून काढतात! तुमची गोष्ट अलग, समोरच्याईची अलग.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “रविवारी मीटिंग आहे. त्यात फक्त एवढं बोला, का समोरच्या प्रार्थनेचा तुमाले त्रास होते. तुमी शेजारी आहे, तुमच्या बोलण्याले वजन आहे. मग तुमची परवानगी मी स्वतः देतो.”

उठता उठता त्यानं शेवटचा पत्ता टाकला. तयारी करून आला होता.

“आणि तसंही वहिनी, युरोपात तुमचे हाल कोणी केले? याच किरिस्तावाईनं ना? मग तुमी त्याईची बाजू काहून घेता?”

तो गेला. खोटं बोलला असता तर मी त्याला दारातूनच हाकललं असतं. पण त्यानं खरी गोष्ट उचलली होती आणि ती माझ्या हातात सुरी द्यावी तशी दिली होती. आणि मला मोह झाला नाही असं नाही. दोन वाक्यं. दोन वाक्यांत माझ्या नवऱ्याची प्रार्थना त्याच्या घरात झाली असती. मी त्या रात्री छताकडे बघत ती दोन वाक्यं मनात बोलूनही पाहिली. कशी बोलता येतील, कमीत कमी दुखेल अशी, तेही जुळवून पाहिलं.

सकाळी मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती भडकेल. ती उठली, तिनं चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “बोलून टाक.”

“काय?”

“बोलून टाक म्हणते. माझ्यावर शिक्का बसायचा तो बसला. तू बोलल्यानं अजून काय होईन? त्याची प्रार्थना होऊन जाऊ दे. वर्षभर तू झोपली नाही, मले दिसते ना वं तुझी लाइट.”

तिनं असं म्हटलं नसतं तर कदाचित मी बोललेही असते. आता माझे सगळेच रस्ते बंद झाले.

मीटिंग पार्किंगमध्ये होती, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मुलगा आदल्याच दिवशी आला होता, तो माझ्यामागं उभा होता. सेक्रेटरीनं माझ्याकडे बघून मान हलवली. मी उठले, पाठीच्या पट्ट्यामुळं नीट उभंही राहता येत नव्हतं.

“समोरच्या प्रार्थनेचा मले त्रास होत नाही,” मी म्हटलं. “मले त्रास होते खालच्या पाटीचा. मी यहुदी आहो. ज्याचं नाव लावलं त्यानं माझ्यासारख्याईले वेचून वेचून मारलं. आणि सेक्रेटरीसाहेब, ख्रिस्ती लोकाईनं आमचे काय हाल केले ते मले तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. हिलेही माहीत आहे. तिनं माझ्यासमोर कबूल केलं, तिच्या चर्चमधी जाऊन बोलली. तुमी नुसती पाटी काढून दाखवा.”

मग मागून एक जण म्हणाला, “पण काहीही म्हणा, लीडर म्हणून माणूस भारी होता.” दोघं-तिघं हसले. दुसरा म्हणाला की सगळ्या जगाचा पैसा ज्यू लोकांच्याच हातात आहे असं त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. माझ्या नवऱ्याची पेन्शन त्याला दाखवायला हवी होती. पोह्यावाला पोरगा खांबाला टेकून उभा होता. तो हसला नाही, त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. परवानगी मिळाली नाही, हे वेगळं सांगायला नको.

तरीही आम्ही ठरवलं की पाहुणे म्हणून लोक येतील, पाहुण्यांना कोण अडवतं. पुढच्या रविवारी सकाळपासून एकेक, दोघं दोघं येत गेले. दुपारपर्यंत मुलगा धरून नऊ जण हॉलमध्ये बसले होते. माझ्या घरात इतके पुरुष एकदम कधी बसले नव्हते. दहावे होते पुण्याचे एक म्हातारे, ऐंशीच्या वरचे. त्यांची गाडी उशिरा आली. बाकीच्यांनी प्रार्थनेच्या गोल टोप्या खिशात ठेवल्या होत्या. म्हातारे रिक्षातून उतरले ते डोक्यावर टोपी आणि काखेत प्रार्थनेचं पुस्तक घेऊनच. चौकीदारानं विचारलं, कशाला आलात? त्यांनी खरं ते सांगितलं, प्रार्थनेला.

फाटकाला कुलूप पडलं. सेक्रेटरी स्वतः खुर्ची टाकून बसला. त्यानं सांगितलं की राहणारे सोडून एकही माणूस आत येणार नाही. फर्मान असूनही माझ्या मैत्रिणीकडे रविवारी येणारी माणसं तोवर आली होती, तीही बाहेरच. गॅलरीतून मला सगळं दिसत होतं. म्हातारे फाटकाचा गज धरून उभे, त्यांच्यामागं तिची माणसं, आणि एका शिपाईबाईनं त्यांच्या डोक्यावर छत्री धरलेली. घरात नऊ जण घड्याळाकडे बघत होते. सूर्य बुडाला की तो दिवस संपतो. मैत्रिणीचा नवरा माझ्या दारात आला आणि त्याच्या त्या हळू आवाजात त्यानं माझ्या मुलाला विचारलं, “दहावा म्हणून मी चालीन का?”

मुलानं त्याचे दोन्ही हात धरले. “नाही काका. चालत नाही.”

“बरं,” तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं नाही. मला वाटलं. माझ्याच धर्माचा कायदा, माझ्याच दारात, माझ्या सगळ्यात जवळच्या माणसांना नाही म्हणत होता, आणि मी तो मोडा असंही म्हणू शकत नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. एका माणसावाचून सगळं अडलं होतं आणि तो माणूस पन्नास पावलांवर उभा होता.

मैत्रीण मागून आली. “काहून रडून राहिली? तो आत येऊ शकत नाही ना?”

“नाही.”

“मग आपण बाहेर जाऊ.”

बाहेर म्हणजे रस्त्यावर. पाटीखाली. रविवारची संध्याकाळ, दुकानात गर्दी. नवऱ्याच्या घरात नाही, चार भिंतींत नाही, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पण हॉलमध्ये मुलानं ते ऐकलं होतं आणि तो टोपी घालत उठलाही होता.

फाटकाशी ती सेक्रेटरीला म्हणाली, “आत येऊ नका म्हणलं, आम्ही मानलं. आता आमाले बाहेर तर जाऊ देशीन? का आमालेही कोंडतो?” लोक बघत होते. त्यानं कुलूप काढलं.

जागा दुसरी नव्हतीच. फाटक आणि दुकान लागून लागून. दहा पुरुष पूर्वेकडे तोंड करून फूटपाथवर उभे राहिले... नाही, चुकले, तोंड जेरुसलेमकडे करायचं असतं आणि आपल्याकडून ते पश्चिमेला. पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे बरोबर दुकानाकडे पाठ आली. तिची माणसं कुणी न सांगता त्यांच्यामागं, दुकानाच्या बाजूनं, ओळीत उभी राहिली. मी त्यांच्या मध्ये, मैत्रिणीचा हात घट्ट धरून. प्लेटा हातात घेऊन गिऱ्हाइकं बघायला लागली. एका पोरानं पाटीकडे पाहिलं, आमच्या टोप्यांकडे पाहिलं आणि हसत हसत तो हात पुढं ताठ केला. त्याचा मित्र मोबाइल काढत होता.

मैत्रिणीचा नवरा त्याच्यापाशी गेला. त्यानं तो हात आपल्या हातात घेतला आणि हलकेच खाली केला. “हात खाली घे बेटा. मयताची प्रार्थना आहे.” पोरगा ओशाळला. दुकानातली गाणी बंद झाली, ती कुणी बंद केली ते मी पाहिलं नाही. पाटीचे लाल दिवे जळतच होते.

मुलानं सुरुवात केली. पहिल्या ओळीवरच त्याचा आवाज अडकला. म्हाताऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो पुन्हा लागला, आता मोठ्यानं, रस्त्याच्या पलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं. एक ओळ झाली आणि दहाही जण म्हणाले, आमेन.

आणि मागून, एक क्षण उशिरा, दुसरं आमेन आलं. रिक्षावाल्याचं, शिपाईबाईचं, त्या दम लागणाऱ्या म्हातारीचं. त्यांना त्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता, पण आमेन कुठं म्हणायचं ते त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पुढच्या ओळीला ते उशिरा आलं नाही. त्याच्या पुढच्या ओळीला माझ्या मैत्रिणीचा आवाज सगळ्यांच्या वर होता, वॉर्डभर ऐकू जायचा तोच. आणि मी, जी वर्षभर उशीत तोंड खुपसून रडले, ती भर रस्त्यात, अख्ख्या मनीषनगरासमोर, माझ्या नवऱ्यासाठी मोठ्यानं रडले.